सोळा आकड्यांचं ताट

"अकरा," मागून कुणीतरी म्हणालं.

अंकानंदस्वामींनी डोळे मिटले. त्यांच्यापुढे लाकडी खुंटीवर परातीएवढं तांब्याचं ताट आडवं बसवलं होतं आणि त्याच्या काठाला गोल सोळा आकडे कोरले होते. स्वामींनी ताट गर्रकन फिरवलं, बोटाने थांबवलं आणि डोळे न उघडताच म्हणाले, "इथून वाचा."

घराचे मालक नारायणस्वामीराव, पेन्शनीत निघालेले इंजिनियर, चष्मा सावरत वाकले आणि वाचू लागले. "सहा, चार, सात, शून्य, पाच, आठ, आठ..." पुढच्या रांगेतले सात-आठ जण मांडीवर कागद घेऊन मूळ संख्येला अकराने गुणत बसले होते. मूळ संख्या म्हणजे ०५८८२३५२९४११७६४७. दिवाणखान्यात साठ-सत्तर माणसं होती, पण पेन्सिलींशिवाय कशाचा आवाज नव्हता. दहा मिनिटांनी माझ्या बहिणीचा नवरा भीमसेन मान वर करून म्हणाला, "बरोबर आहे. सोळाच्या सोळा."

झालं. बायकांनी हात जोडले, पुरुषांनी सुस्कारे सोडले. १९५८ साल, मद्रासचं नुंगंबाक्कम, शुक्रवारची संध्याकाळ. त्या संध्याकाळचा मला आजही संताप येतो.

जमलेली मंडळी आमचीच, तंजावरकडची मराठी माणसं. आमची तलवार कधीच सुटली, हाती पेन्सिल राहिली, आणि पेन्सिलीच्या मागे आम्ही मद्रासेला आलो. आमची घरातली मराठी जशीच्या तशी लिहिली तर तुम्हांला अर्धी कळायची नाही, म्हणून सगळ्यांचं बोलणं मी पुस्तकी मराठीत घालतोय. ह्यांतले निम्मे एका सरकारी कचेरीत होते, जिथे जिल्ह्याजिल्ह्यांतल्या पावसाचे आणि पिकांचे आकडे येतात. तिथला नियम असा, की एकाने बेरीज करायची, दुसऱ्याने ती पुन्हा करून बघायची, आणि जुळली की निळ्या पेन्सिलीने खूण करून शेजारी आपल्या नावाचं पहिलं अक्षर घालायचं. ते दुसरं अक्षर पडलं की आकडा खरा झाला. रामनाडमध्ये पाऊस खरोखर पडला का, हे बघायला कुणी जात नसे. भीमसेन तिथे वीस वर्षं तपासनीस होता आणि त्याची एकही खूण खोटी ठरली नव्हती.

"एकाने गुणा, सोळाने गुणा," स्वामी सांगत होते, "आकडे तेच, क्रम तोच. फक्त सुरुवात बदलते. देह बदलतो, आत्मा तोच. समोरासमोरचे कुठलेही दोन आकडे मिळवा, नऊ येतील. नऊ ग्रह. आणि पुढे शून्य का? सगळं शून्यातून आलं म्हणून." ह्या माणसाला सहा भाषा येत होत्या आणि एकीतही धड वाक्य पुरं करता येत नव्हतं. पण मध्येच अडखळला की ताट फिरवायचा, आणि लोकांना वाटायचं, समाधी लागली.

मग ते माझ्याकडे वळले. "हे आपले मेहुणे ना, भीमसेनराव? कणक्कु वाध्यार?" म्हणजे गणिताचे मास्तर. ट्रिप्लिकेनच्या हायस्कुलात मी पंचवीस वर्षं तेच करत होतो. "मग सार, तपासा की तुम्हीच."

मी तेरा घेतले. गुणाकार केला. ७६४७०५८८२३५२९४११. ताटावर तेच होतं. खोटं कशाला बोलू, मला ती संख्या आवडली. स्वामी ढोंगी आहे हे त्याच्या पहिल्या वाक्याला कळलं होतं, पण संख्या ढोंगी नव्हती. नारायणस्वामीरावांनी जाड वही पुढे केली. भीमसेनने लिहिलं होतं, "तपासलं. भी." मी खाली निळ्या पेन्सिलीने लिहिलं, "गुणाकार बरोबर. रा." रा म्हणजे राघोत्तम, म्हणजे मी.

माझ्या शेजारी भीमसेनची मुलगी कनका बसली होती. अकरा वर्षांची, काटकुळी, आकड्यांची वेडी. आठव्या वर्षी तिला साखरेचा आजार निघाला. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ सुई. सुई भीमसेन स्वतः उकळायचा, स्वतः टोचायचा. औषधाची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या घड्यात ठेवायचा. रोज तिच्या लघवीत निळं औषध घालून तापवायचा आणि कुठला रंग आला ते वहीत लिहायचा; निळा राहिला तर ठीक, विटकरी आला तर साखर फार. तीन वर्षांत एक दिवस सुटला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "सुई थांबली तर मूल आठवडा-दोन आठवड्यांत जाईल." भीमसेनने तेही वहीत लिहून ठेवलं होतं. हे मी मुद्दाम सांगतो. तो वाईट बाप नव्हता. त्या संध्याकाळपर्यंत त्याच्याइतका चांगला बाप मी पाहिला नव्हता.

मी घरी गेल्यावर स्वामींनी त्याला आत बोलावलं. हे मला नंतर कळलं. "सतरा दिवस," स्वामी म्हणाले. "पहिल्या दिवशी एकाने गुणायचं, दुसऱ्या दिवशी दोनाने. रोज आलेली संख्या कागदावर लिहून तो कागद पाण्यात बुडवायचा आणि ते पाणी मुलीने प्यायचं. सतराव्या दिवशी काय येतं ते इथेच करून बघा." भीमसेनने तिथेच गुणलं. सोळा नऊ आले. ९९९९९९९९९९९९९९९९. "त्या दिवशी साखर संपली. तोवर सुई नाही. औषध माझ्या पायाशी आणून ठेवा. आणि घराबाहेर कुणी बोललं, तर आजार मुलीला सोडून आईवर जाईल."

सतराव्या दिवसाचा आकडा आधीच तपासून झाला होता आणि बरोबर निघाला होता. मग सतराव्या दिवशी साखर संपणार ह्यात तपासायचं काय उरलं? भीमसेनचं डोकं असं चाललं. कचेरीत सगळ्यांचंच असं चालायचं.

शनिवारी संध्याकाळी कनका माझ्याकडे आली. दर शनिवारी यायचीच. मी रात्रीच कोडं सोडवलं होतं आणि कुणाला तरी सांगायला माझी जीभ वळवळत होती. मी पाटी घेतली. "एकाला सतराने भाग," मी म्हणालो. "जात नाही. शून्य घे, दहा. जात नाही, शून्य लिही. पुन्हा शून्य घे, शंभर. सतरा पाचे पंच्याऐंशी, पाच लिही, बाकी पंधरा. दीडशे झाले. आठ, बाकी चौदा." ती पटापट पुढे गेली. शून्य, पाच, आठ, आठ, दोन, तीन... सोळा आकडे झाल्यावर बाकी पुन्हा एक उरली आणि तेच आकडे पुन्हा सुरू झाले.

"बाक्या मोज," मी म्हणालो.

तिने मोजल्या. एकपासून सोळापर्यंत प्रत्येक बाकी एकदाच आली होती. "म्हणजे दोनाला सतराने भागलं," ती सावकाश म्हणाली, "तर जिथे दोन बाकी आहे तिथून सुरू होणार. आणि पुढे सगळं तेच."

"गोल फिरणारी बस आहे. कुठल्याही स्टॉपवर चढ, स्टॉप तेच लागतात. दोनाने गुणणं म्हणजे दोनाच्या स्टॉपवर चढणं. आणि सतराला सतराने भागून पुरता एक येतो, म्हणून ह्या संख्येला सतराने गुणलं की सगळे नऊ. अजून एक मिळवलास की पुढे एक आणि मागे सोळा शून्यं."

तिने ते वहीत उतरवलं आणि सवयीप्रमाणे पहिल्या आकड्याशेजारी पाच पाकळ्यांचं फूल काढलं. कोलममध्ये, म्हणजे आमच्याकडच्या रांगोळीत, काढतात तसं. कुठलंही गणित सुटलं की ती असं फूल काढायची. त्या संध्याकाळी ती चार तांबे पाणी प्यायली होती. ते मी बघितलं आणि उकाडा आहे असं मनाशी म्हणालो.

"मामा, म्हणजे ताटात काही नाही?"

"सतराचा भागाकार आहे. दुसरं काही नाही."

तिने वही मिटली. मग म्हणाली, "अप्पांना सांगशील?"

मी हसलो. "तुझ्या अप्पांना सांगून काय होणार? ते म्हणतील, बरोबर आहे, आणि खूण करतील." मला वाटलं, मी फार मजेदार बोललो. लोक फसतायत ह्याची मला गंमत वाटत होती, आणि ती गंमत मी एकट्यानेच खायला ठेवली होती. तिने पुन्हा विचारलं नाही. तोंड उघडलं तर आजार अम्माला होईल असं तिला सांगितलेलं होतं. त्यातल्या त्यात तिला विचारता येण्यासारखं होतं तेवढं तिने विचारलं.

बुधवारी दुपारी माझी बहीण अंबुजा शाळेच्या फाटकाशी उभी दिसली. बाजारालासुद्धा एकटी न जाणारी ही बाई नुंगंबाक्कमहून एकटी आली होती. "अण्णा," ती म्हणाली, "सुई बंद आहे. शनिवारपासून. मला काय व्हायचं ते होऊ दे. तू चल."

घरी कनका चटईवर पडली होती. डोळे खोल गेलेले, श्वास धावल्यासारखा, आणि तोंडाला पिकल्या फळासारखा गोड वास. भीमसेन वही घेऊन शेजारी बसला होता. रोजचा रंग त्याने लिहिलेला होता. विटकरी, विटकरी, विटकरी, विटकरी.

"लाल येतंय ते चांगलं," तो मला म्हणाला. "स्वामी म्हणाले, आजार बाहेर पडतोय."

मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी तिथेच फरशीवर खडूने एकाला सतराने भागून दाखवलं. त्याने ओळ न् ओळ बघितली. मग म्हणाला, "बरोबर आहे, राघोत्तमराव. बघा, भागाकारातूनही तीच संख्या निघते. केवढी मोठी संख्या असेल ती." आणि उशीखालून एक पान काढून मला माझंच अक्षर दाखवलं. नारायणस्वामीरावांच्या वहीतलं ते पान त्याने मागून आणलं होतं. "तुम्हीच तपासलंत ना?"

मी कनकाला उचलायला गेलो तर तो दारात उभा राहिला. तेवढ्यात ती चटईवरून म्हणाली, "अप्पा, हे बघ." तिने उशाखालून पुठ्ठा काढला. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा गोल कापून त्यावर अठरा आकडे लिहिले होते. ०५२६३१५७८९४७३६८४२१. शून्याशेजारी पाच पाकळ्यांचं फूल.

"हे माझं ताट," ती म्हणाली. तिला एकेका शब्दाला दम घ्यावा लागत होता. "एकोणिसाचं. मी एकटीने काढलं. स्वामींपेक्षा दोन आकडे जास्त. अठरापर्यंत कितीनेही गुण."

भीमसेन उंबऱ्यावर बसला. त्याने सात घेतले आणि गुणू लागला. खरं सांगतो, मी त्याला ढकलून बाहेर पडायला हवं होतं. मी उभा राहिलो. मलाही वाटलं, गणिताने घात केला, आता गणितच सोडवील. एवढं स्पष्ट दाखवल्यावर कुणाला कळणार नाही, असं मला पंचवीस वर्षं फळ्यापुढे वाटत आलं होतं. पंधरा मिनिटं गेली. अंबुजा भिंतीला टेकून मुलीच्या छातीकडे बघत होती.

"बरोबर आहे," भीमसेन म्हणाला, आणि त्याने पुठ्ठ्यावर निळी खूण केली.

"मग माझं ताट सांगतं," कनका म्हणाली, "सुई द्या."

त्याचा चेहरा हलला, ते मी पाहिलं. मग तो उठला. "दोन संख्या झाल्या," तो म्हणाला. "मोठी कुठली, ते विचारून येतो." आणि पुठ्ठा घेऊन धावत नारायणस्वामीरावांच्या घराकडे गेला.

दार मोकळं झालं. मी मुलीला उचललं, अंबुजाने रस्त्यावर टॅक्सी थांबवली. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सुई कधी बंद केली?"

"शनिवारी."

"का?"

"गुणाकार बरोबर आला म्हणून," मी म्हणालो. त्यांना वाटलं, माझं डोकं फिरलंय. पुढचं सगळं त्या अंबुजाशीच बोलल्या.

गुरुवारी दुपारी तीन वाजता कनका गेली. वीस-बावीस तास त्या लोकांनी शर्थ केली. एक दिवस आधी आणली असती तर, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी शनिवारपासूनचे दिवस मोजत होतो.

शुक्रवारी मला सुतक होतं. तरी गेलो. दिवाणखाना भरलेला होता आणि स्वामी सांगत होते, "पाचव्या दिवशी व्रत मोडलं. आईने तोंड उघडलं." माझी बहीण घरी मुलीचा परकर मांडीवर घेऊन बसली होती, आणि हा इथे तिच्यावर मूल मारल्याचा आरोप ठेवत होता, आणि साठ माणसं माना हलवत होती.

मी पुढे जाऊन खुंटीवरून ताट उचललं आणि उलटं केलं. मागच्या बाजूला काठाशी सोळा जागी बारीक उंचवटे ठोकलेले होते. एकाला ठिपका, पाचाला आडवी रेघ. "हे बघा," मी म्हणालो. "अकरा म्हटलं की दोन रेघा आणि एक ठिपका. डोळे मिटून बोटाने चाचपायचं, तिथे थांबवायचं. तुमच्या घरी उकडलेले बटाटे अंधारात जसे हाताला लागतात, तेवढाच हा चमत्कार." मग लाल फरशीवर खडूने तोच भागाकार मांडला आणि कनकाने मोजल्या तशा सोळा बाक्या मोजून दाखवल्या. नारायणस्वामीराव गुडघ्यावर बसून ओळ न् ओळ बघत होते. हुशार माणूस. शेवटच्या बाकीला त्यांनी मान डोलावली.

"कळलं?" मी विचारलं.

"कळलं," ते म्हणाले. "पण गणित तर बरोबर आहे ना, सार?"

तेव्हा मला जे म्हणायचं होतं ते रडण्यात गेलं. मला दोघांनी धरून बाहेर आणलं. स्वामी त्याच रात्री गाडीत बसून पसार झाले, जाताना ताट घेऊन गेले. भीमसेनने कचेरीत तपासणीचं काम सोडलं. मागून घेऊन टपालाच्या टेबलावर बसला. लोकांच्या पाकिटांना तिकिटं लावायचा आणि कुठल्याही कागदावर आपलं अक्षर घालायचा नाही. एकदा मी त्याला विचारलं, त्या दिवशी स्वामी काय म्हणाला?

"म्हणाला, दोन आकडे जास्त आहेत खरे," भीमसेन म्हणाला. "कसं काढलं ते त्याने नीट विचारून घेतलं. मी सगळं सांगितलं. मग पुठ्ठा ठेवून घेतला."

दोन वर्षांनी माझा एक जुना विद्यार्थी भेटला. आवडी ह्या मद्रासजवळच्या गावी संरक्षण खात्याच्या कारखान्यात होता, तिथल्याच क्वार्टर्समध्ये राहायचा. म्हणाला, "सार, आमच्याकडे एक स्वामी आलेत. अठरा आकड्यांची संख्या आहे. तुम्हांला बघायला आवडेल."

मी संध्याकाळच्या गाडीने आवडीला गेलो. क्वार्टर्सच्या मैदानात चटया टाकल्या होत्या, दीडशे माणसं होती. दाढी वाढवली होती, नाव बदललं होतं, पण बोट तेच. ताट नवं कोरं होतं. अठरा आकडे होते आणि शून्याशेजारी पाच पाकळ्यांचं फूल कोरलं होतं. कोरणाऱ्याने पुठ्ठ्यावर होतं तेवढं सगळं तांब्यावर उतरवलं होतं.

"सात," कुणीतरी म्हणालं. ताट फिरलं. पुढे बसलेल्या पोरसवदा कारकुनाने गुणाकार केला आणि म्हणाला, "बरोबर आहे."

मी उठलो. ह्या वेळी रडलो नाही. "बरोबर आहे," मी म्हणालो. "ही संख्या माझ्या भाचीने काढली. ते फूलही तिचंच. एकाला एकोणिसाने भागा, तुम्हांलाही मिळेल. संख्येला गुणाकार कळतो, ताप कळत नाही, साखर कळत नाही. एक गोष्ट खरी निघाली म्हणून तिच्या पाठीला बांधून आलेली दुसरी खरी होत नाही. दोन्ही वेगळ्या तपासा. आणि ज्यांच्या घरी कुणाचं औषध बंद केलं असेल, त्यांनी आता उठावं आणि जाऊन ते द्यावं. माझ्यावर विश्वास ठेवू नका. डॉक्टरला विचारा."

स्वामी ताट फिरवत राहिला. मग मागच्या चटईवरची एक बाई मुलाला काखेत मारून निघून गेली. एकच बाई. बाकीचे बसून राहिले.

तो कारकून माझ्याकडे वही घेऊन आला. चांगला सभ्य मुलगा होता. "सार, तुम्ही म्हणालात ना, बरोबर आहे म्हणून?" त्याने निळी पेन्सिल पुढे केली. "मग इथे अक्षर घाला."

मी वही मांडीवर घेतली आणि लिहिलं, "गुणाकार बरोबर. बाकी सगळं खोटं. रा."

नुंगंबाक्कमच्या वहीत मी ह्यातले मधले तीन शब्द लिहिले नव्हते.